सुफ्यान स्टीव्हन्सचा 'इलिनॉय', फुग्यांच्या स्टिकरवाली जुनी कॉपी: बरेच महिने वाजवून झाल्यावर

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच परत फिरतील. तुम्हाला अमेरिकन गायक सुफ्यान स्टीव्हन्सच्या या अल्बममधली गाणी विनाईलवर ऐकायची आहेत एवढंच असेल तर सरळ नवीन रीप्रेस, म्हणजे नंतर पुन्हा छापलेली प्रत, घ्या. सीलबंद मिळते, शांत वाजते आणि मी मोजले त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात येते. ही २००५ ची फुगेवाली कॉपी घ्यायची ती कव्हरसाठी. जास्तीचे सगळे पैसे त्या बारा इंची पुठ्ठ्याचे आहेत, आतल्या दोन रेकॉर्ड जशा निघतील तशा. मला हे आधीपासून माहीत होतं, तरीही हवी होती, घेतली, आणि आता बरेच महिने नेमाने वाजवल्यावर कुठे वसूल झाली नि कुठे नाही ते लिहितेय.

आधी फुग्यांचं प्रकरण, कारण ते कळल्याशिवाय कोणी या कॉपीला एवढे पैसे का देतं ते कळणार नाही. सुफ्यानने २००३ मध्ये मिशिगनवर अल्बम केला, तो मूळचा तिकडचाच, डेट्रॉईटचा जन्म. मग जाहीर केलं की अमेरिकेच्या पन्नासही राज्यांवर एकेक अल्बम करणार. २००५ च्या जुलैमध्ये इलिनॉय आला आणि तिथेच गाडी थांबली ती थांबलीच, पुढे त्याने स्वतःच कबूल केलं की ती प्रसिद्धीची युक्ती होती. (अठ्ठेचाळीस राज्यांतले लोक अजून वाट बघत असतील बिचारे.) कव्हर काढलंय दिव्या श्रीनिवासनने, टेक्ससमधल्या ऑस्टिनची भारतीय वंशाची चित्रकार. त्यात शिकागोचा सिअर्स टॉवर आहे, तिथला कुख्यात गुंड अल कपोन आहे, बोकड आहे, उडत्या तबकड्या आहेत, आणि डाव्या बाजूला उडणारा सुपरमॅन. सुपरमॅन का, तर इलिनॉयच्या अगदी दक्षिण टोकाला, ओहायो नदीच्या काठी मेट्रोपोलिस नावाचं छोटंसं गाव आहे, ते १९७२ पासून सुपरमॅनचं अधिकृत गाव म्हणून मिरवतं आणि गावात त्याचा पंधरा फुटी पुतळाही आहे. अल्बममध्ये त्यावर गाणंही आहे. म्हणजे चित्र ओढूनताणून घातलेलं नव्हतं.

पण परवानगी घेतलेली नव्हती. अल्बम दुकानांत पोचता पोचता रेकॉर्ड कंपनीच्याच वकिलाने सांगितलं की हे अंगाशी येईल. अ‍ॅस्थमॅटिक किटी म्हणजे काही मोठी कंपनी नाही, सुफ्यान आणि त्याच्या सावत्र वडिलांनी काढलेलं छोटं लेबल. लोक अजूनही छातीठोकपणे सांगतात की सुपरमॅनचे हक्क असलेल्या डीसी कॉमिक्सने नोटीस पाठवली, विकणारे तर जाहिरातीतच लिहितात 'बॅन्ड कव्हर' (म्हणजे बंदी घातलेलं), 'लॉसूट कव्हर' (खटला झालेलं) वगैरे. तसलं काही झालं नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लेबलनेच खुलासा केला की डीसीकडून नोटीस आलेली नाही, उलट छापून झालेल्या कॉपी विकायला त्यांनी हरकत घेतली नाही. त्यामुळे जाहिरातीत 'बॅन्ड' दिसलं की मी पुढचा मजकूर जरा संशयानेच वाचते.

विनाईल आलं नोव्हेंबर २००५ मध्ये, तोवर हा गोंधळ होऊन गेला होता. कव्हरं मात्र सुपरमॅनसकट छापून तयार. मग पहिल्या पाच हजार कॉपींवर सुपरमॅनच्या अंगावर रंगीत फुग्यांचं स्टिकर चिकटवलं आणि पुढच्या छपाईत ती जागा रिकामीच ठेवली, नुसतं आकाश. म्हणजे फुगे असलेली कॉपी पहिल्या खेपेतली, आणि त्या फुग्यांखाली सुपरमॅन अजून आहे! एवढ्या एका गोष्टीसाठी लोक वेडे होतात. मीही त्यातलीच. नंतर दहा वर्षांच्या निमित्ताने २०१६ च्या एप्रिलमध्ये एक खास आवृत्ती निघाली, तिच्यात त्याच जागी मार्व्हल कॉमिक्सचा ब्लू मार्व्हल नावाचा सुपरहिरो आहे, तोही कॉमिक्समधल्या कथेप्रमाणे शिकागोचाच, आणि एक रेकॉर्ड निळी, एक पांढरी. ती माझ्या मैत्रिणीकडे आहे, तिच्याबद्दल पुढे.

मी शिकागोच्या सबर्बमध्ये राहते, म्हणून या अल्बमशी जरा जास्तच लागेबांधे आहेत. भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला घेऊन ज्या टॉवरवर जायचं तो यात आहे (२००९ पासून त्याचं नाव विलिस टॉवर, पण इथलं कोणी म्हणत नाही तसं). डेकॅटर नावाचं गाणं आहे, आणि स्प्रिंगफिल्डला लिंकनचं घर बघायला गेलात आणि येताना डेकॅटरवरून आलात तर सोयाबीन-मक्याच्या कारखान्यांचा वास गाडीच्या काचा बंद असल्या तरी आत येतो, तो ज्याने घेतलाय त्याला ते गाणं वेगळंच ऐकू येतं. मार्चच्या पहिल्या सोमवारी इथे कॅसिमिर पुलास्की डे, एका पोलिश सेनानीच्या नावाचा दिवस, असतो, त्या नावाचं गाणं या अल्बममधलं माझं सगळ्यात आवडतं. ऑरोराच्या बालाजी मंदिरात जाताना गाडीत हा अल्बम इतक्या वेळा लागलाय की मुलांना 'शिकागो' तोंडपाठ आहे. उन्हाळ्यात बाबा आले होते, ते कव्हरच्या मागची यादी वाचून म्हणाले, "अगं ही गाण्यांची नावं आहेत की निबंधाचे विषय?" त्यांचं काही चुकलं नाही, ब्लॅक हॉक वॉरवालं नाव तर चार-पाच ओळींचं आहे.

शोधायचं कसं. मी आधी दुकानं पालथी घातली. शिकागोतलं मिलवॉकी अव्हेन्यूवरचं रेकलेस रेकॉर्ड्स माझं आवडतं, तिथे रेकॉर्ड बाहेर काढून दिव्याखाली तिरकी धरून बघता येते आणि जुन्या मालाला हाच खरा उपाय. पण फुगेवाली तिथे मला सापडली नाही, रिकाम्या आकाशाची मिळत होती. शेवटी डिस्कॉग्स या रेकॉर्ड खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर घेतली, एका खाजगी विक्रेत्याकडून. शोधताना दोन्ही नावं टाका, 'इलिनॉय' आणि शेवटी ई लावलेलं 'इलिनॉइज', कारण कव्हरवर मोठ्या अक्षरात दुसरं आहे आणि अर्धे लोक तसंच लिस्ट करतात. एकेआर ०१४ हा कॅटलॉग नंबर आहे पण नुसत्या नंबरावर जाऊ नका, विक्रेत्याला रेकॉर्डच्या मधल्या कोऱ्या भागात, म्हणजे लेबल आणि शेवटच्या खाचेच्या मध्ये जे कोरलेलं असतं त्याचा फोटो मागा आणि डिस्कॉग्सच्या त्या छपाईच्या पानाशी ताडून बघा. मी का सांगतेय, तर जुन्या कव्हरमध्ये नवीन रेकॉर्ड घालून विकणारे महाभाग असतात. सगळेच चोर असतात असं नाही, कधी कधी त्यांची मूळ रेकॉर्ड खराब झालेली असते, मग दुसरी घेऊन तिच्यात टाकतात, आणि मग विकताना विसरतात.

दुसरा फोटो मागायचा स्टिकरचा, समोरून नाही, बाजूने, दिवा तिरका पाडून. स्टिकरची कड उठलेली दिसली, कागदाचे तंतू निघालेले दिसले, फुग्याच्या बाजूला गुळगुळीत चकाकी दिसली की समजायचं कोणीतरी नखाने प्रयत्न करून बघितलाय. आणि 'सुपरमॅन विनाईल, अतिदुर्मिळ' म्हणून तिप्पट भाव लावून जे विकतात त्यातल्या बऱ्याच कॉपी माझ्या मते स्टिकर काढलेल्याच असतात, गोंदाचा पिवळट डाग असतो सुपरमॅनच्या छातीवर, फोटोत तो भाग बरोबर अंधारात ठेवलेला असतो. अशा कॉपीला जास्त पैसे का द्यायचे ते मला अजून कळलेलं नाही, कारण पहिल्या खेपेची खूणच तुम्ही उपटून टाकलेली असते.

ग्रेडिंगचं, म्हणजे रेकॉर्डच्या अवस्थेला दिलेल्या दर्जाचं म्हणाल तर 'व्हीजी प्लस' (व्हीजी म्हणजे व्हेरी गुड) या दोन शब्दांवर जुन्या रेकॉर्डचा अख्खा बाजार चालतो आणि त्याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा. निअर मिंट म्हणजे जवळजवळ नवीन, व्हीजी प्लस म्हणजे हलक्या रेघा असतील पण वाजताना त्रास होणार नाही. प्रश्न असा की बहुतेक लोक नुसतं बघून ग्रेड देतात, वाजवून नाही. सरळ विचारायचं, वाजवून बघितलीत का. मी विचारलं, तो म्हणाला हो, चारही बाजू. तिसरी बाजू वाजवलेली नव्हती हे मला पहिल्याच दिवशी कळलं, ते सांगतेच.

पॅकिंगबद्दल एक विनंती आवर्जून करा, रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून वेगळ्या ठेवून पाठवायला सांगा. डबल अल्बमचं वजन जास्त, टपालात आपटला की रेकॉर्डची कड कव्हरची शिवण फाडून बाहेर येते, आणि इथे आपण कव्हराचेच तर पैसे देतोय. माझी तशीच आली, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. मीडिया मेलने, म्हणजे इथल्या टपालाच्या पुस्तकं-रेकॉर्डसाठीच्या स्वस्त सेवेने, स्वस्तात येते पण रमतगमत येते.

पाकीट उघडल्यावर पहिल्यांदा आला तो बेसमेंटचा वास. ज्यांनी इथली जुनी घरं बघितलीत त्यांना माहितीये, दमट, कुबट, जुन्या पुस्तकांचा नि डिटर्जंटचा मिळून. कव्हर दिसायला मात्र झक्कास, कोपरे थोडे बोथट, स्टिकर चारही बाजूंनी घट्ट. वास जायला बरेच दिवस लागले, कव्हर उघडं करून कोरड्या खोलीत उभं ठेवलं, उन्हात नाही, उन्हाने शाई उडते. आता नाक खुपसलं तरच येतो.

रेकॉर्ड आधी धुतल्या. माझ्याकडे स्पिन-क्लीन आहे, ते हाताने फिरवायचं टब असतं ना ते, त्यात ज्युएल या किराणा दुकानातून आणलेलं डिस्टिल्ड वॉटर. नळाचं पाणी नको, क्षार खाचांत वाळतात. पाणी बघून कसंतरी झालं. जुनी घेतली तर धुतल्याशिवाय सुई टेकवूच नका, ती घाण सुईच्या टोकावर जमते आणि खाचेत पुढे पुढे ओढली जाते. आतली कागदी पाकिटं ठेवून दिली वेगळी, रेकॉर्ड आता नव्या अँटीस्टॅटिक पाकिटांत, आणि बाहेरून पॉलिप्रॉपिलीनचं कव्हर. ते जाड, चकचकीत, मऊ पीव्हीसीचं घालू नका, वर्षानुवर्षात त्याचा धुरकट थर बसतो.

आता आवाज. पहिली, दुसरी आणि चौथी बाजू मस्त. तिसरीवर एका ठिकाणी टक, टक, टक. इथे एक सोपी परीक्षा सांगते जी खूप लोकांना माहीत नसते: तेहतीसच्या वेगाला (मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेऱ्या) रेकॉर्डची एक फेरी १.८ सेकंदात होते, तेव्हा टकटक बरोबर त्या अंतराने येत असेल तर तो ओरखडा आहे, धुऊन जाणार नाही, आणि कशीही, केव्हाही येत असेल तर धूळ किंवा स्टॅटिक, त्याला उपाय आहे. माझी अगदी घड्याळासारखी. मी रेकॉर्डिंग करून विक्रेत्याला पाठवलं, थोडी खळखळ केली त्याने, मग काही पैसे परत दिले. परत पाठवायचा विचारही केला पण स्टिकर इतकं चांगलं दुसरीकडे मिळेल याची खात्री नव्हती. आता ती टकटक पाठ झालीय, कुठे येणार ते माहीत असतं, सवय होते पण आवडायला लागत नाही, जे म्हणतात की ओरखड्यांमुळे रेकॉर्डला स्वभाव येतो त्यांना माझा नमस्कार.

आणि आता ज्यांना 'अ‍ॅनालॉग वॉर्म्थ', म्हणजे जुन्या टेपवरच्या रेकॉर्डिंगचा ऊबदार आवाज, हवी म्हणून जुनी छपाई हवी असते त्यांच्यासाठी. हा अल्बम डिजिटल रेकॉर्ड झालेला आहे. तोही कुठल्या भारी स्टुडिओत नाही, रोलँडच्या आठ ट्रॅकच्या छोट्या डिजिटल मशीनवर, शुअरचा साधा एसएम५७ आणि एकेजीचे स्वस्त माईक घेऊन, आणि ३२ किलोहर्ट्झवर, म्हणजे आवाजाचे सेकंदाला बत्तीस हजार नमुने घेऊन, सीडीच्या ४४.१ पेक्षाही कमी. एवढ्या सॅम्पलिंगला १६ किलोहर्ट्झच्या वरचं काही टिपलंच जात नाही. तेव्हा झांजांचा चमचमाट, ऐसपैस हवा वगैरे शोधू नका, मुळातच नाहीये. मैत्रिणीची ब्लू मार्व्हल आणि माझी, एकाच प्लेअरवर, एकाच दुपारी लावून बघितल्या. माझ्या कानाला तरी मोठा फरक नाही. तिची जास्त शांत आहे, कारण ती नवीन होती तेव्हापासून तिच्याकडे आहे, एवढंच. नवऱ्याला डोळे बंद करून ओळखायला सांगितलं तर त्याने तिसऱ्या बाजूच्या टकटकीवरून ओळखली, फसवणूक आहे ती.

पण तरी विनाईलवर हा अल्बम ऐकण्यात मजा आहे आणि ती मला वाटलं होतं तिथे नाही. बावीस गाणी, ७४ मिनिटं. फोनवर ही लांबी अंगावर येते, मधले पन्नास सेकंदांचे तुकडे मी सरळ उडवायचे. इथे चार बाजू, प्रत्येक वीस मिनिटांच्या आसपास. चहा होईपर्यंत एक बाजू संपते. उडवता येत नाही, सुई उचलायचा कंटाळा, म्हणून ते छोटे तुकडे ऐकले जातात, आणि मग लक्षात येतं की एका गाण्यातली ट्रम्पेटची ओळ दुसऱ्या तुकड्यात व्हायोलिनवर परत आलीय. इतक्या वर्षांत हे मला कधी ऐकू आलं नव्हतं. अर्थात हे रीप्रेसवरही ऐकू आलंच असतं.

हळू गाण्यांना मात्र जुन्या कॉपीचा त्रास होतो. जॉन वेन गेसीवरचं गाणं, तो शिकागोजवळचा सीरियल किलर, ते नुसत्या पियानो-गिटारवर नि कुजबुजत्या आवाजात आहे, आणि शेवटी फक्त श्वास ऐकू येतो. तिथे एक कर्रर्र आला की सगळा जीव जातो त्यातला. धुतल्यावर बरंच कमी झालं, शून्य नाही.

माझा सेटअप साधा आहे, ऑडिओ-टेक्निकाचा एलपी१२० रेकॉर्ड प्लेअर, सोबत आलेली व्हीएम९५ई सुई, वजन दोन ग्रॅम. पहिले काही महिने प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात 'स' आणि 'श' फाटल्यासारखे यायचे. मी म्हटलं आधीच्या मालकाने खराब सुईने घासली असणार. पण खरं कारण वेगळं होतं: सुई मध्याकडे जाते तसा खाचेचा घेर लहान होतो, तेवढ्याच वेळात तेवढंच संगीत कमी लांबीत कोंबलेलं असतं, साध्या सुईला ते झेपत नाही. त्याच मालिकेतलं मायक्रोलीनिअर, म्हणजे जास्त बारीक घडणीचं, टोक जुनं नुसतं ओढून काढून बसवता येतं, कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते ती डबी) बदलावी लागत नाही, ते बसवलं आणि नव्वद टक्के फाटणं गेलं. महाग पडतं, पण जुन्या रेकॉर्ड घेणाऱ्यांनी दुसरी एक दुर्मिळ कॉपी घेण्याआधी हे घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. सगळ्याच रेकॉर्ड सुधारतात.

हिवाळ्याचं वेगळंच. घर गरम करणारा फर्नेस सुरू झाला की घरातली हवा पापडासारखी कोरडी, रेकॉर्ड पाकिटातून काढताना अंगावरचा केस उभा राहतो, आणि धुतलेल्या रेकॉर्डवरही फटाफट पॉप. कार्बन फायबरचा ब्रश प्रत्येक बाजूच्या आधी आणि खोलीत ह्युमिडिफायर, एवढ्याने आटोक्यात आलं. पण जानेवारीत फुग्यांच्या स्टिकरची वरची कड किंचित उठली, नखाएवढी. तेव्हापासून ती हॉलमधून उचलून आतल्या भिंतीच्या कपाटात गेली, व्हेंटपासून लांब, उभी, आजूबाजूला घट्ट दाटी न करता. कड आहे तेवढीच आहे. गोंद-बिंद काही लावलं नाही, लावणारही नाही.

सगळे विचारतात, खाली बघायची इच्छा होत नाही का? होते की. मुलगा तर दर वेळी विचारतो की हेअर ड्रायर लावूया का, इंटरनेटवर कोणीतरी दाखवलंय म्हणे. सुपरमॅन कसा दिसतो ते बघायचं तर पहिल्या खेपेच्या सीडीवर तो उघडा आहे, जुनी सीडी विनाईलच्या मानाने खूप स्वस्तात मिळते, ती आणून दिली त्याला. आता त्याच्या टेबलावर आहे आणि ड्रायर सुरक्षित आहे.

तर पैसे वसूल झाले का? कव्हरचे झाले, रोज बघते. रेकॉर्डचे अर्धे. पुढच्या वेळी इतकी दुर्मिळ काही घेतली तर वाजवायला रीप्रेस आणि ठेवायला जुनी असं करेन का याचा विचार करतेय, नवऱ्याचं म्हणणं की तो वेडेपणाचा पुढचा टप्पा आहे. पुण्याचा मावसभाऊ मागे लागलाय, डिसेंबरात येशील तेव्हा ही घेऊन ये, नुसती ऐकून परत देतो. त्याला म्हटलं रीप्रेस आणते, हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही, तुझीच ठेव. फुगेवाली कुठेही जाणार नाहीये. ऐकायची असेल तर व्हिसा काढ आणि ये, टॉवरही दाखवते.